तुझ्या मुठीतला डोंगर

ये गं, इथे खाडीच्या काठावर बस माझ्याजवळ. ओहोटी लागलीय. तो उघडा पडलेला चिखल दिसतोय ना, त्यातला मूठभर उचल आणि बोटांत चोळून बघ. लोण्यासारखा मऊ लागतो. बाळा, तुझ्या मुठीत डोंगर आहे.

खरंच सांगतो. पूर्वेला कान्हेरीचा डोंगर आहे. तिथल्या रानात, तुळशी तलावाच्या बाजूला दहिसर नदी जन्मते आणि जेमतेम १२ किलोमीटर चालून आपल्या मनोरीच्या खाडीला मिळते. येताना ती डोंगराचा कण न् कण सोबत आणते.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळली, तापलेला रस उसळला, थरांवर थर साचून काळा खडक झाला. आपल्या मनोरीचा फिकट खडक त्याच आगीचं धाकटं भावंड. मग एवढा टणक दगड चिखल कसा झाला? पावसाने. थेंब खाली येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पितो आणि किंचित आंबट होतो. तो आंबटपणा दगडात मुरतो, वर्षानुवर्षं दगड कुजतो, त्याची माती होते.

मग एवढ्या पावसात डोंगर केव्हाच वाहून का नाही गेला? तू विचारणारच होतीस! त्याला रानाने धरून ठेवलंय. सरी आधी पानांवर फुटतात, मग पाचोळ्यावर अलगद उतरतात. पाणी मुळांच्या वाटेने आत जिरतं आणि पाऊस थांबल्यावरही झऱ्यांतून हळूहळू पाझरत राहतं. कान्हेरीच्या भिक्षूंनी डोंगराची ही रीत ओळखली होती. दोन हजार वर्षांपूर्वीपासून त्यांनी तिथे शंभरावर लेणी कोरली, आणि लेण्यांशेजारी पाण्याची टाकी. कातळावरून ओघळणारं पाणी पन्हळी कोरून टाक्यांत उतरवलं. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. उन्हाळ्यासाठी पाऊस साठवायची ती युक्ती मला लेण्यांतल्या मूर्तींइतकीच मोलाची वाटते.

उतारावर माती धरणाऱ्यांत माझी लाडकी कारवी. माणसाहून उंच वाढते. तिच्या काठ्यांचे कुड करून आदिवासी घराच्या भिंती उभारतात. ती सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी अख्खा उतार एकदम जांभळा करते आणि बी धरून मरून जाते. पुढच्या पावसात त्याच मातीत तिची पोरं उगवतात. रानात घड्याळ नाही की पंचांग नाही, तरी सगळ्या झुडपांना एकच साल कसं कळतं, याचं मला या वयातही नवल वाटतं.

वर रानातून सुटलेली माती आपल्याकडे तिवरं अडवतात. चिखलातून वर आलेली ती बोटं बघितलीस? ती त्यांची श्वासाची मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून ती वर येऊन श्वास घेतात. भरतीचं पाणी त्यांच्यात शिरलं की मंदावतं आणि कान्हेरीहून आलेला कण तिथेच बसतो. म्हणून वर कुऱ्हाड चालली काय, नाहीतर इथे तिवरांत भराव पडला काय, घाव एकाच नदीला बसतो.

कारवी २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. आता पुढे २०३२ ला. त्या साली पावसाळ्याच्या शेवटी कान्हेरीला नक्की जा, आणि फूल तोडू नकोस. त्याचं बी पडायचं असतं.