ग्रिम बंधू, एक खिडकी आणि साष्टीतल्या गोष्टी

रविवार, मेगाब्लॉक आणि बाहेर धो धो पाऊस. बोरिवलीहून टाऊनला जायचा प्लॅन कॅन्सल. अशा दुपारी चहा-कांदाभजीच्या जोडीला एक जुना सिनेमा सुचवते: 'द वंडरफुल वर्ल्ड ऑफ द ब्रदर्स ग्रिम', साल 1962. घरात भाचरं असतील तर त्यांनाही शेजारी बसवा.

हिमगौरी, हॅन्सेल-ग्रेटेल या गोष्टी आपण मराठीत वाचून मोठे झालो, पण त्या जमवणारे दोन जर्मन भाऊ आपल्या खिजगणतीतही नसतात. सिनेमातला याकोब शिस्तीचा, व्याकरणात रमणारा. विल्हेल्म म्हणजे सॉलिड नादिष्ट. काम आहे ड्यूकच्या घराण्याचा इतिहास लिहायचं, डेडलाइन डोक्यावर, आणि हा पठ्ठ्या पदरचे पैसे देऊन लोकांकडून गोष्टी ऐकत हिंडतो. एकदा तर जंगलातली एक म्हातारी पोरांना गोष्ट सांगतेय आणि हा खिडकीबाहेर कान लावून उभा! परतताना बॅग उघडते, ड्यूकचा इतिहास ओढ्यात. मग माफ असलेलं घरभाडं मागितलं जातं, वर न्यूमोनिया. तापात गोष्टींतली पात्रं उशाशी येतात आणि विनवतात, आम्हाला नाव न देता जाऊ नकोस. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्या कुणालाही हा सीन लागणार.

हा सिनेमा तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी शूट केला होता आणि तीन प्रोजेक्टर लावून भल्यामोठ्या वक्र पडद्यावर दाखवत. वेशभूषेचं ऑस्करही मिळालं. रत्नजडित ड्रॅगन आज खेळण्यातला वाटतो, मधला भाग थोडा रेंगाळतो, पण 2022 मध्ये डिस्कवर आलेल्या नव्या प्रिंटमध्ये रंग फुल्ल टू खुललेत.

माझी तक्रार वेगळीच आहे. क्लेअर ब्लूमने केलेली डोरोथिया म्हणजे विल्हेल्मची बायको, तिच्या वाट्याला मुख्यतः काळजी करणं. खरी डोरोथिया विल्ड ही कासेल गावातल्या औषधविक्याची मुलगी, आणि 1812 च्या पहिल्या खंडातल्या कितीतरी गोष्टी तिनेच, लग्नाआधी, सांगितलेल्या! प्रत्यक्षात हे भाऊ गोष्टींसाठी रानोमाळ फारसे भटकलेच नाहीत. सांगणाऱ्या बायकाच त्यांच्याकडे यायच्या. डोरोथिया फीमन ही शिंप्याची बायको कासेलला भाजी विकायला यायची, दुसऱ्या खंडात तिच्या भरपूर गोष्टी आहेत. पडद्यावर उरली ती फक्त खिडकीतली म्हातारी.

आपल्याकडे हे जरा बरं घडलं. 1865-66 मध्ये मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर असताना त्यांची मुलगी मेरी हिने आपल्या आयाला, ॲना लिबराता डिसोझाला, गोष्ट सांग म्हणून गळ घातली. मला नाही जमणार, असं आधी ॲना म्हणाली. मग नातवंडांना सांगते ती एक आठवून पाहिली, आणि त्यातून 1868 मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक निघालं. त्यात ॲनाचं नाव आहेच, शिवाय तिच्या तोंडून तिची स्वतःची कहाणीही आहे.

आणि अगदी आपल्या दारातलं सांगायचं तर, जॉर्ज डी'पेन्हा या गृहस्थांनी 1880 आणि 90 च्या दशकांत 'इंडियन अँटिक्वेरी' या मासिकात 'फोकलोअर इन सालसेट' नावाची मालिका लिहिली. सालसेट म्हणजे साष्टी. म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, आपली अख्खी सबर्ब्ज! मरोळच्या किंवा आंबोलीच्या गावठाणात एखादं जुनं कौलारू घर अजून दिसतं, तेव्हा मला आता खिडकीकडे बघायची खोड लागलीय.

सिनेमा संपल्यावर मी मुलुंडला आजीला फोन लावला. म्हटलं, एखादी गोष्ट सांग ना, रेकॉर्ड करते. "मला मेलीला कुठल्या येतायत गोष्टी!" आजी म्हणाली. मी गप्प राहिले. मग पलीकडून टीव्हीचा आवाज कमी झाला.