रेषेचा निवाडा

बेसबॉलचे मैदान काटकोनात बसवलेले असते. होम प्लेटच्या मागच्या टोकातून दोन पांढऱ्या रेषा निघतात. एक पहिल्या बेसला, दुसरी तिसऱ्या बेसला लागून थेट कुंपणाला भिडते. क्रिकेटचा फलंदाज यष्टिरक्षकाच्या मागेसुद्धा धावा काढू शकतो. इथे बॅटरच्या वाट्याला या दोन रेषांमधलाच टापू. फटका त्यात राहिला तर फेअर, बाहेर गेला तर फाउल.

रेषा स्वतः आतली धरतात. बेस आतले आणि होम प्लेटही आतली. चेंडू प्लेटला लागला की फाउल, असे पुष्कळांना वाटते; ते खरे नाही. कुंपणाशी उभे असलेले पिवळे खांबही आतले. चेंडू जमिनीला न टेकता खांबावर आदळला तर होम रन. 1975 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात, बोस्टनच्या फेनवे पार्कवर, बाराव्या इनिंगमध्ये कार्लटन फिस्कने उंच टोलवलेला चेंडू डावीकडच्या रेषेवरून निघाला. तो बाहेर जाऊ नये म्हणून फिस्क धावायचे सोडून दोन्ही हातांनी त्याला आत ढकलल्यासारखे हातवारे करत राहिला. चेंडू खांबाला लागला, बोस्टनने सामना जिंकला. 2005 साली त्या खांबाला फिस्कचे नाव देण्यात आले.

खरी गुंतागुंत जमिनीवरच्या चेंडूची. पहिला किंवा तिसरा बेस ओलांडून चेंडू थेट पलीकडे पडला, तर पहिला टप्पा कुठे पडला एवढेच पाहतात. तिथून तो उसळून प्रेक्षकांत गेला तरी फेअरच. बेसच्या अलीकडे मात्र पहिल्या टप्प्यावर काहीच ठरत नाही. चेंडू कुठे थांबला, खेळाडूचा हात लागला तेव्हा कुठे होता, किंवा बेसजवळून जाताना रेषेच्या कोणत्या अंगाला होता, त्यावर निकाल. बाहेर पडलेला चेंडू घरंगळत आत येऊन थांबला तर फेअर. क्षेत्ररक्षकाचे पाय कुठे आहेत याला किंमत नाही. चेंडू कुठे आहे, तेच पाहायचे. मला हा नियम फार न्याय्य वाटतो.

तो आधीपासून असा नव्हता. पूर्वी पहिला टप्पा आत पडला की पुरे. शिकागोचा रॉस बार्न्स चेंडू असा काही ठोकायचा, की तो आत टेकून लगेच बाहेर पळायचा आणि क्षेत्ररक्षक त्याच्या मागे धावत सुटायचे. 1876 साली, नॅशनल लीगच्या पहिल्याच हंगामात, त्याची सरासरी होती .429. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि सरासरी .272 वर आली. त्या वर्षी तो आजारीही होता, तेव्हा सगळा दोष नियमावर टाकता येत नाही.

1981 साली सिअ‍ॅटलमध्ये एक हळू चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेलगत आतून घरंगळत चालला होता. तो फाउल व्हावा म्हणून क्षेत्ररक्षक लेनी रँडल हात-गुडघे टेकून ओणवा झाला आणि फुंकर मारत त्याच्या मागे सरकला. चेंडू बाहेर गेला. पंच लॅरी मॅककॉय यांनी आधी फाउल दिला, मग रँडलने चेंडूची वाट बदलली म्हणून निर्णय फिरवून बॅटरला बेस दिला.

पंचांची खूणही लक्षात घेण्यासारखी आहे. फाउलला दोन्ही हात वर आणि खणखणीत आरोळी. फेअरला फक्त आतल्या बाजूला बोट. तोंडातून शब्द नाही, कारण गोंगाटात तो फाउल ऐकू आला तर खेळाडू थांबतील.

चुकून दिलेला फाउल म्हणूनच जास्त महाग पडतो. 2009 च्या प्लेऑफमध्ये यांकी स्टेडियमवर, अकराव्या इनिंगमध्ये, मिनेसोटाच्या जो मावरचा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्याला लागून आत पडला. पंच फिल कझी काही फुटांवर होते. त्यांनी फाउल दिला. मावरने नंतर एक बेस गाठला, पुढच्या दोघांनीही फटके मारले, तरी धाव झाली नाही. फेअर दिला असता तर तो दुसऱ्या बेसवर असता आणि तिथून बहुधा घरी पोचला असता. त्याच इनिंगमध्ये यांकीज 4-3 ने जिंकले.

होम रनसाठी व्हिडिओ 2008 साली आला होता, पण असा चेंडू त्यात बसत नव्हता. 2014 साली फेअर-फाउललाही तो लागू झाला, तोही बेसच्या पंचांच्या पलीकडे पडणाऱ्या चेंडूंपुरता. त्यांच्या अलीकडे चेंडू चौघा-पाचजणांच्या आवाक्यात असतो. आरोळी ऐकून ते थांबले, तर ती नसती तर कोण कुठे पोचला असता, हे कोणता कॅमेरा सांगणार?