वकिलाची पाटी

आमच्या पुतण्यानें कन्नड येथील आपल्या वकिली पेढीचें संकेतस्थळ करविलें व मोठ्या हौसेनें आम्हांस दाखविलें. हलतीं चित्रें, न्यायदेवतेचा तराजू, आणि मथळा ‘विजयाची खात्री’! कचेरी कोठें, दूरध्वनि कोणता, हें मात्र सांपडेना. चष्मा पुसून पुनः पाहिलें, तों तळाशीं बारीक अक्षरांत होतें. घाटाखालील नागदच्या ज्या पक्षकाराची उद्यां तारीख आहे, त्यानें तेथवर पोंचावें कसें?

शिवाय, बार कौन्सिलाच्या ३६ व्या नियमान्वयें वकिलास जाहिरात वर्ज्य आहे. २००८ सालच्या दुरुस्तीनें संकेतस्थळास मुभा मिळाली, ती नांव, पत्ता, दूरध्वनि, सनदेचा क्रमांक, शिक्षण, कामाचें क्षेत्र अशा माहितीपुरतीच. खात्रीची भाषा त्यांत बसत नाहीं. एका मथळ्यापायीं सनदेवर गंडांतर यावयाचें!

याच तालुक्यांतील पितळखोऱ्याच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा राजवैद्य मगिलाचा दानलेख आहे. नांव, मातृनाम, व्यवसाय. रोगी बरा करण्याची हमी कोठेंही नाहीं. आम्हीं हें सांगतांच चिरंजीव किंचित् रुसले. दुसऱ्या दिवशीं मथळा गेला, दूरध्वनि व पत्ता ठळक अक्षरांत वर आला. तराजू तेवढा हट्टानें राहिला आहे.