भीती सांगेल त्याच्या उलट

जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा भरतो, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि दुपारच्या उन्हात अंगातला स्वेटर नकोसा होतो. नेमक्या याच दिवसांत काश्मीरमध्ये ‘चिल्लई कलान’ चालू असतो. 21 डिसेंबरपासूनचे हे चाळीस दिवस म्हणजे तिथली वर्षातली सगळ्यात कडक थंडी, आणि गुलमर्गच्या कुरणावर बर्फ साठतो तो याच काळात. सोलापूरकराची आणि या बर्फाची गाठ सहसा पडत नाही. आपण काश्मीर-मनालीला जातो ते मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, एप्रिल-मेमध्ये. रोहतांगच्या वाटेवर भाड्याचा लांब कोट आणि गमबूट चढवायचे, मग पायाला दोन लांब पट्ट्या बांधून घ्यायच्या. एक पोरगा हाताला धरून थोडं ओढत नेतो, फोटो निघतो आणि स्कीइंग झालं.

पुण्या-हैदराबादला नोकरीला असलेली आपलीच मुलं मात्र आता फेब्रुवारीत रजा टाकून गुलमर्ग गाठतात आणि घरी फोनवर एकच वाद रंगतो. पाच दिवसांची सहल, त्यातले दोन-तीन दिवस शिकण्यात घालवायचे कशाला? यूट्यूब आहे, अंगात रग आहे, पडलो तर खाली मऊ बर्फच आहे!

याचं उत्तर हवं असेल तर आधी स्कीच्या तळाशी काय चालतं ते पाहू. ते इतकं अजब आहे की माणूस मुळात उभा कसा राहतो याचंच नवल वाटावं.

बर्फ घसरडा का असतो? शाळेत बहुतेकांनी ऐकलेलं उत्तर असं, की दाबाखाली बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून आपण घसरतो. दाबाखाली बर्फाचा वितळणबिंदू उतरतो हे खरं. पण हिशोब मांडून बघा. नवशिक्याची एक स्की साधारण दीड मीटर लांब आणि सात-आठ सेंटीमीटर रुंद. 65 किलोचा माणूस अशा दोन स्कींवर उभा राहिला तर चौरस सेंटीमीटरला भार येतो जेमतेम 30 ग्रॅम. आणि बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला लागतात चौरस सेंटीमीटरला सुमारे 140 किलो! म्हणजे उणे पाच अंशांच्या बर्फावर आपलं वजन कुणाच्या खिजगणतीतही नाही.

मग घसरतो कशामुळे? 1939 साली बाउडन आणि ह्यूज या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की पाणी तयार होतं ते मुख्यतः घर्षणातून. स्की सरकते, घासते, त्या उष्णतेने बर्फाच्या कणांची टोकं क्षणभर वितळतात आणि स्की त्या पापुद्र्यावरून पुढे जाते. त्याच्याही आधी, 1850 मध्ये, मायकेल फॅरेडे म्हणाले होते की वितळणबिंदूच्या जवळ बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर मुळातच असतो. बर्फाचे दोन खडे एकमेकांना टेकवले की चिकटतात ते त्यामुळेच. कोणत्या तापमानाला कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. आपल्यापुरतं एवढंच, की धुतलेल्या शहाबादी फरशीवर पाय जसा सटकतो तसाच इथेही सटकतो. फरक इतकाच, की ही फरशी तिरकी आहे आणि जसजसे तुम्ही घसरता तसतशी ती स्वतःला ओली करून घेते.

तिरकी म्हणजे तरी किती? दहा अंशांचा उतार लांबून पाहिला तर सपाटच वाटतो. त्यावरून स्की सरळ खाली सोडून पन्नास मीटर गेलात, तर ताशी 35 किलोमीटरच्या आसपास वेग येतो. भर रस्त्यातल्या स्कूटरचा वेग, आणि ब्रेक नाही.

ब्रेक असतो, फक्त तो पायात असतो आणि शिकवल्याखेरीज सापडत नाही. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची, आणि गुडघे किंचित आत वळवून दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या धारा बर्फात रुतवायच्या. याला स्नोप्लाव म्हणतात. लहान मुलांना शिकवताना नुसतं ‘पिझ्झा’ म्हटलं तरी त्रिकोण कळतो. फाक वाढवली की वेग उतरतो. आणि मग येते सगळ्यात गमतीची गोष्ट. उजवीकडे वळायचं असेल तर भार द्यायचा डाव्या पायावर. कारण पिझ्झ्याच्या त्रिकोणात डाव्या स्कीचं तोंड उजवीकडे असतं; तिच्यावर वजन टाकलं की ती आपली तिच्या वाटेने निघते आणि तुम्ही तिच्या मागोमाग. स्की बारकाईने पाहिली तर मध्ये कंबरेसारखी निमुळती आणि दोन्ही टोकांना रुंद दिसते. ती कुशीवर कलली आणि वर वजन आलं की वाकून धनुष्यासारखी होते, आणि ती कमानच बर्फात गोल वळण कापत जाते. तिला वळवायची गरज नसते, फक्त कलवायची असते. पहिल्या दिवशी मात्र प्रत्येक जण खांदे फिरवून, कंबर हिसडून तिला वळवायला बघतो आणि दमून जातो.

पण खरी गोम भीतीत आहे. उतार समोर दिसला की शरीर मागे रेलतं, डोंगराच्या बाजूला. लाखो वर्षांची सवय आहे ती. कड्यापासून मागे सरणारे वाचले आणि त्यांचेच आपण वंशज. स्कीवर हीच सवय घात करते. वजन टाचांवर गेलं की स्कीचा पुढचा भाग हलका पडतो, धार बर्फ पकडत नाही, वळण लागत नाही आणि वेग वाढतो. वेग वाढला की भीती वाढते आणि माणूस आणखी मागे रेलतो. सुटका एकाच गोष्टीत आहे: ज्या खोलीची भीती वाटते तिकडेच झुकायचं. बुटाची रचनाही त्यासाठीच. स्कीचा बूट घोट्याला पक्का आवळलेला, पुढे कललेला असतो आणि नडगी त्याच्या जिभेवर दाबून ठेवायची असते. नडगीवर दाब जाणवतोय तोवर तुम्ही बरोबर उभे आहात. पिंढरी मागे टेकली की समजा बिघडलं.

हे वाक्य तुम्ही आत्ता वाचलंत, तुम्हाला कळलंही. पण उतारावर ते तुमच्या पायांना कळणार नाही. शिक्षक लागतो तो ज्ञानासाठी नाही, तर पाठीमागून ‘आगे झुको, आगे’ म्हणून ओरडण्यासाठी. आपण मागे रेललो आहोत हे स्वतःला कधीच कळत नाही, पाहणाऱ्याला मात्र लांबून दिसतं. यूट्यूब तुमच्याकडे पाहू शकत नाही.

माणसाला हे नीट शिकवायला फार वेळ लागला हेही नवलच. स्वीडनमध्ये कालव्ह्ट्रेस्क गावाजवळ सापडलेली स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे. उतरायची पायरीपायरीने शिकवता येईल अशी पद्धत मात्र गेल्या सव्वाशे वर्षांतली. ऑस्ट्रियात मॅथियस झ्दार्स्की यांनी 1890च्या दशकात तंत्र लिहून काढलं, आणि आर्लबर्ग डोंगरातल्या हानेस श्नायडर यांनी पुढे स्नोप्लावपासून सुरू होणारी शिडी बांधली: आधी थांबणं, मग वळणं, मग वेग. आजही जगात कुठेही गेलात तरी पहिल्या सकाळी जवळपास हीच शिडी समोर येते.

आपल्याकडे तिची सुरुवात लष्कराने केली. 1948च्या डिसेंबरात जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने गुलमर्गला सैनिकांसाठी स्की शाळा निघाली. तीच आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. नागरिकांसाठी गुलमर्गलाच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीत अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आहे, आणि उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे 7 आणि 14 दिवसांचे कोर्स असतात. माझं मत विचाराल तर, ज्याला चौदा दिवस काढता येतात त्याने सहल-बिहल विसरून सरळ कोर्सच करावा. राहणं साधं असतं, पहाटे उठवतात, पण शेवटी माणूस खरोखर स्की करतो.

ज्याच्याकडे पाचच दिवस आहेत त्याने पहिल्या तीन सकाळी इन्स्ट्रक्टरला द्याव्यात, गुलमर्गच्या खालच्या कुरणावर, 2,650 मीटरवर. गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, पार अफरवट डोंगरावर, चार हजार मीटरच्या जवळ, जाऊन फोटो जरूर काढावा. स्की घालून खाली यायचा मोह मात्र टाळावा. वरचे उतार रोलर फिरवून सपाट केलेले नसतात. 2023च्या 1 फेब्रुवारीला तिथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. पोलंडहून आलेले म्हणजे बर्फातलेच लोक.

शिकल्याने दुखापत टळतेच का? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नवशिक्यांना जास्त लागतं यावर एकमत आहे. पण शिकवणी घेतल्याने इजा कमी होतात की नाही यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. थोडं शिकलेला माणूस जास्त धीट होऊन वरच्या उतारावर जातो, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. मला तरी शिकवणीचा मोठा फायदा वाटतो तो पडायला शिकण्यात. पडताना स्कीची काठी मुठीत घट्ट धरून ठेवली की अंगठ्याच्या मुळाचं लिगामेंट फाटू शकतं. डॉक्टर त्याला ‘स्कीअर्स थंब’ म्हणतात. काठी सोडून द्यायची. आणि घसरत असताना उठायची धडपड करायची नाही, कारण मागे बसलेल्या अवस्थेत स्कीचं शेपूट बर्फात अडकून गुडघा पिळला जातो. पूर्ण थांबेपर्यंत पडून राहायचं. आपल्याकडे पडल्यावर झटकन उठून ‘काही नाही, काही नाही’ म्हणायची पद्धत आहे, ती सोलापुरातच ठेवून जावी.

निघण्याआधी इथे काय करता येईल? बर्फ नाही, पण मांड्या आहेत. दीड-दोन महिने जिने चढणं-उतरणं, बैठका, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं. मुलं इनलाइन स्केटिंग करत असतील तर फारच उत्तम. पायाच्या पुढच्या भागावर वजन आणि धारेवर वळण दोन्ही तिथेही आहेत. बर्फाचा कणही न पडणाऱ्या महाराष्ट्रातली स्केटर मुलं लेहच्या बर्फावर खेलो इंडियात पदकं घेऊन आली ती काही जादूने नाही. हैदराबादच्या स्नो वर्ल्डला मुलं खूश होतात, पण त्याला सराव म्हणू नये. दुबईत नातेवाईक असतील तर गोष्ट वेगळी. तिथल्या मॉलमध्ये 2005पासून 85 मीटर उंचीचा बर्फाचा कृत्रिम डोंगर आहे, आणि सगळ्यात लांब उतार 400 मीटरचा.

तारखा ठरवताना एक लक्षात ठेवा: बर्फ आता दिलेला शब्द पाळत नाही. 2024चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला, आणि 2025मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. जानेवारीपेक्षा फेब्रुवारीचा मध्य धरलेला बरा, आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

आणि भाड्याच्या दुकानात गेल्यावर वजन विचारतील, उंची, वय आणि कितपत येतं तेही. बूट आणि स्की यांना जोडणारं बाइंडिंग याच आकड्यांवरून लावतात: किती जोर पडल्यावर त्याने पाय सोडायचा ते त्यावरून ठरतं. वेळेवर सुटलं तर गुडघा वाचतो. हे न विचारताच कुणी स्की हातात देऊ लागला तर दुसरं दुकान बघा, आणि विचारलं तर चार लोकांसमोर का होईना, वजन खरं सांगा.