अवटुन्यूनता आणि देहभार

अवटु ग्रंथीचे, म्हणजेच थायरॉईडचे, कार्य मंदावले की देहभार वाढतो, हे विधान वैद्यकाच्या पाठ्यग्रंथांत आढळते आणि आता ते घरोघरीही बोलले जाते. बंगलोर, चेन्नई, दिल्ली, गोवा, मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद व कलकत्ता या आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये अवटुन्यूनता आढळली. तेव्हा हा प्रश्न थोड्यांचा नव्हे. ‘थायरॉईड आहे, म्हणून वजन उतरत नाही’ असे रुग्ण म्हणतो. ‘खाण्यावर ताबा नाही, म्हणून उतरत नाही’ असे त्याचे आप्त म्हणतात. दोन्ही विधानांत परिमाणाचा विचार नाही. वाढलेल्या भारापैकी किती भार या ग्रंथीमुळे वाढतो आणि तो कशाचा बनलेला असतो, हे ठरविल्याखेरीज वजन उतरविण्याचा मार्ग सांगता येत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

ग्रंथीचे कार्य

गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेला लागून असलेली ही ग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन हा अंतःस्राव निर्माण करते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. यकृतादी अवयवांत त्यांपैकी एक अणू निघून जातो आणि ट्रायआयोडोथायरोनिन हा अधिक प्रभावी पदार्थ तयार होतो. रक्तातील यांचे प्रमाण घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी आपला अवटु-उद्दीपक अंतःस्राव अधिक सोडते. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘टीएसएच’ या अक्षरांनी दर्शविला जातो तो हाच. ग्रंथी स्वतः दुबळी झाली की टीएसएच वाढतो, हे निदानाचे मुख्य सूत्र होय. आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या प्रदेशांत या दौर्बल्याचे प्रमुख कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेनेच ग्रंथीवर केलेला आघात. या विकाराचे वर्णन हाशिमोतो या जपानी वैद्याने १९१२ साली केले.

अवटु ग्रंथीचा अर्क दिल्यास शरीराचा प्राणवायूचा खर्च वाढतो, असे १८९५ साली जर्मनीत माग्नुस-लेव्ही यांनी दाखविले. तेव्हापासून ही ग्रंथी चयापचयाची नियंत्रक मानली जाते. रोग तीव्र असेल तर मूलभूत चयापचय ३० ते ४० टक्क्यांनी घटू शकतो. यावरून असा तर्क सहजच केला जातो की, खर्च न झालेली ही सारी ऊर्जा मेदाच्या रूपाने साठत असली पाहिजे. तर्क सरळ आहे. पण निरीक्षण त्याला पुरेसा आधार देत नाही.

वाढलेला भार कशाचा?

प्रौढ स्त्रियांत उद्भवणाऱ्या या अवस्थेचे वर्णन इंग्लंडमध्ये विल्यम गल यांनी १८७३ साली केले. पुढे १८७८ साली ऑर्ड यांनी तिला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. त्वचेखाली श्लेष्म्यासारखा पदार्थ साचून आलेली सूज, असा त्या नावाचा आशय आहे. म्हणजे आरंभीच्या निरीक्षकांच्या नजरेत भरली ती चरबी नव्हे, तर सूज. हायल्युरॉनिक आम्लासारखे पदार्थ त्वचेत साचतात आणि ते पाणी धरून ठेवतात. त्यातच मूत्रपिंडाची पाणी बाहेर टाकण्याची शक्तीही मंदावते. १८९१ साली जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा रुग्णाची सूज उतरविली, तेव्हा वैद्यकात अंतःस्राव-चिकित्सेचे एक नवे पर्व सुरू झाले.

उपचाराने उतरणारे वजन कशाचे असते, हे मोजण्याची साधने पुढे उपलब्ध झाली. डेन्मार्कमध्ये केलेला एक छोटा पण उद्‍बोधक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. उपचारानंतरच्या एका वर्षात रुग्णांचे वजन सरासरी सुमारे ४ किलोग्रॅमने उतरले. परंतु त्यांच्या शरीरातील मेदात लक्षणीय फरक पडला नाही. जे गेले ते मुख्यतः पाणी. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनचे मतही असेच आहे : अवटुन्यूनतेमुळे वाढणारे वजन साधारणतः २ ते ५ किलोग्रॅम असते आणि त्यातील बराचसा भाग क्षार व पाणी यांचा असतो.

मंद चयापचय असूनही मेद त्या प्रमाणात का साठत नाही? याचे एक कारण असे की, या रोगात भूकही मंदावते. जमा आणि खर्च दोन्ही उतरतात. दुसरे कारण असे की, आज बहुतेक रुग्णांचे निदान रोग सौम्य असतानाच होते, आणि त्या अवस्थेत चयापचयातील घट थोडीच असते.

येथे कार्यकारणभावाची आणखी एक गुंतागुंत ध्यानी घ्यावयास हवी. देहभार अधिक असलेल्या व्यक्तींत टीएसएच किंचित वाढलेला पुष्कळदा आढळतो, आणि वजन उतरले की तोही उतरतो. मेदपेशींतून येणारा लेप्टिन हा अंतःस्राव पोष ग्रंथीच्या नियंत्रणात भाग घेतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. सारांश, टीएसएचची अल्प वाढ हे लठ्ठपणाचे कारण नसून परिणाम असण्याचा संभव असतो. एका अहवालावरून ‘रोगाने वजन वाढविले’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते.

मात्रा वाढविण्याचा मोह

थायरॉक्सिनची गोळी घेऊनही वजन उतरत नाही, तेव्हा मात्रा वाढवावी, असे रुग्णाला वाटू लागते. हा मोह नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अवटु ग्रंथीचा अर्क लठ्ठपणावर दिला जाऊ लागला होता. अतिमात्रेने वजन उतरते हे खरे. पण मेदाबरोबर स्नायूही झिजतात, हृदयाची लय बिघडते आणि हाडे, विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे, ठिसूळ होतात. लठ्ठपणा घटविण्यासाठी हे औषध वापरू नये, अशी ठळक सूचना अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावर सक्तीची आहे.

मात्रेत थोडासाच बदल केला तर? ओरेगॉन येथे १३८ रुग्णांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याचे उत्तर मिळते. मात्रा कमीअधिक करून रुग्णांचा टीएसएच सहा महिने वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवला असता त्यांच्या ऊर्जाव्ययात वा शरीरघटनेत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. आपली मात्रा कोणती हे रुग्णांना ओळखता आले नाही. मात्र जी मात्रा मोठी आहे असे त्यांना वाटले, तीच त्यांनी पसंत केली.

वजन उतरविण्याचा क्रम

पहिली पायरी उपचार स्थिर करण्याची. थायरॉक्सिनचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचे असल्याने मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवडे गेल्याशिवाय टीएसएचची तपासणी अर्थपूर्ण होत नाही. गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा ते एक तास काही खाऊपिऊ नये. आपल्याकडे सकाळच्या पहिल्या चहाबरोबरच गोळी घेण्याची रीत आढळते. तिने औषधाचे शोषण घटते. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर असावे.

टीएसएच योग्य पातळीवर आल्यावर रुग्णाचा ऊर्जेचा हिशेब बहुतांशी इतरांसारखाच होतो. एक किलोग्रॅम मेद म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी; तेव्हा दररोज ५०० कॅलरींची तूट ठेवल्यास आठवड्याला जेमतेम अर्धा किलोग्रॅम उतरावा, आणि शरीर स्वतःला जुळवून घेत असल्याने पुढे त्याहूनही कमी. या मंद गतीला रोगाचे लक्षण समजू नये. अतिरेकी उपोषण मात्र टाळावे. कारण उपासमारीत ट्रायआयोडोथायरोनिनचे प्रमाण घटते आणि शरीर काटकसर करू लागते. शिवाय उपवास म्हणजे अल्पाहार असेही नव्हे : साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट, शेंगदाणे आणि तूप यांमुळे कॅलरी भरपूर आणि प्रथिने बेताचीच असतात. डाळी, उसळी, ताक, अंडी, मासे यांनी प्रथिनांची बाजू सांभाळावी आणि भाकरी, भात, तेल व साखर यांचे माप ठरवावे. चालणे आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम हळूहळू वाढवावेत, कारण उपचाराच्या आरंभी स्नायू ताठर व थकलेले असतात.

कोबी, फुलकोबी, बाजरी यांबद्दल बरीच भीती दिसते. ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्ये त्यांत आहेत हे खरे; परंतु त्यांचा उपद्रव मुख्यतः आयोडीनची उणीव असेल तेथे होतो. जो रुग्ण आयोडीनयुक्त मीठ खातो आणि अंतःस्राव गोळीतूनच घेतो, त्याने नेहमीच्या प्रमाणात या गोष्टी शिजवून खाण्यास हरकत नाही. उलट, आयोडीनची जादा औषधे स्वतःच्या मनाने घेणे अपायकारक ठरू शकते. वजन बरेच उतरल्यास टीएसएच पुन्हा तपासावा, कारण औषधाची मात्रा देहभाराशी निगडित असते.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, अवटुन्यूनतेने वाढलेला भार खरा असतो, पण मर्यादित असतो. तो मुख्यतः पाण्याचा असतो आणि योग्य उपचाराने जातो. उरलेला भार आहार, श्रम, वय, निद्रा आणि आनुवंशिकता यांच्या हिशेबात पाहावा लागतो. एवढे समजले म्हणजे रुग्णाला गोळीकडून अवास्तव अपेक्षा राहत नाही आणि संथपणे उतरणाऱ्या वजनाबद्दल स्वतःला दोषी मानण्याचेही कारण उरत नाही. ज्या चिकित्सकाला आणि आहारतज्ज्ञाला हा भेद आकड्यांनिशी समजावून सांगता येईल, त्याच्या रुग्णाचा पुढील मार्ग पुष्कळच सुकर होईल.