तिसऱ्यांदा क्राऊन गेला, तर दोष क्राऊनचा नाही

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की भोकरच्या मोंढ्यात पिकअपची रांग लागते. शेतातून माल भरायचा, मोंढ्यात खाली करायचा आणि रिकामी गाडी पळवत पुढचं भाडं गाठायचं. कधी सीताखांडीचा घाट ओलांडून नांदेड, कधी सीमेपलीकडे म्हैसा. या धावपळीसाठी बहुतेक मालक गाडीला मागे एक-दोन पाटे वाढवून घेतात. कोणी एक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडी ठोकळा घालून गाडी उंच करतो, कोणी वरून मोठे टायर चढवतो. मग काही महिन्यांत मागून हूं-हूं आवाज सुरू होतो, हौसिंग खोललं जातं, नवा क्राऊन-पिनियन बसतो आणि पुढच्या हंगामाआधी तोही जातो.

अशा वेळी गॅरेजसमोर जी कारणं सांगितली जातात, त्यातली बरीच अर्धी खरी असतात. म्हणून ती एकेक तपासून पाहू.

गैरसमज : गाडी उंच केली की डिफरन्शियल दगडाला लागत नाही.

वस्तुस्थिती : पिकअपचा मागचा एक्सल सलग असतो. एक्सलवर पाटे, पाट्यांवर चॅसिस. पाटे वाढवा किंवा ठोकळा घाला, वर उचलली जाते ती चॅसिस. डिफरन्शियलचा गोळा एक्सलबरोबर जिथल्या तिथेच राहतो. जमिनीपासून त्याची उंची फक्त टायर ठरवतो, तीही व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्म्याने. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४. म्हणजे एवढा खर्च करून हौसिंग वर गेलं दीड सेंटिमीटर.

त्या दीड सेंटिमीटरची किंमत क्राऊन भरतो. व्यास चार टक्क्यांहून थोडा जास्त वाढला, म्हणजे तेवढीच ओढ मिळवायला एक्सलला तेवढाच जास्त पीळ सोसावा लागतो. जड चाकाला गती देण्याचं आणि ब्रेकने थांबवण्याचं काम वाढतं ते वेगळंच. काटाही खोटं बोलू लागतो: तो ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास असते.

गैरसमज : पाटे वाढवले की गाडी जास्त वजन पेलते.

वस्तुस्थिती : पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही, एवढंच. हौसिंगची नळी, बेअरिंग, एक्सल आणि क्राऊन यांची ताकद कारखान्यातून निघाली तेव्हा होती तेवढीच असते. १.७ टनाच्या पिकअपमध्ये १,७०० किलो माल अपेक्षित आहे. तीत ३० क्विंटल सोयाबीन भरलं की ते ३,००० किलो होतात. पूर्वी गाडी मागे टेकायची, पाटे उलटे व्हायचे, ड्रायव्हरला इशारा मिळायचा. पाटे वाढवल्यावर तो इशाराच बंद होतो आणि भार निमूटपणे हौसिंगवर जातो.

हौसिंग डोळ्यांना दिसेल इतकं वाकत नाही, आणि वाकायची गरजही नसते. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली चाळ बहुतेक पिकअपमध्ये ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. एवढ्या बारीक हिशोबात केसभर वाक आला तरी दातांचा स्पर्श मधून सरकून टोकाला जातो. पूर्ण दाताने पेलायचा भार दाताचं टोक पेलू लागतं आणि तेच आधी उडतं. वाकलेल्या हौसिंगमध्ये अस्सल सेट बसवला तरी तो त्याच वाटेने जाणार. मागच्या दोन टायरची झीज आतून किंवा बाहेरून एकतर्फी होत असेल, एक्सलचं तेलसील पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर हौसिंग लेथवर नेऊन तपासून घ्यावं.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा मालासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेतच.

गैरसमज : शाफ्ट फिरतोय ना, मग कोनाशी काय देणंघेणं?

वस्तुस्थिती : उंच केलेल्या गाडीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. गिअरबॉक्स चॅसिसबरोबर वर जातो, एक्सल खालीच राहतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढतो. शाफ्टच्या टोकांना जे क्रॉस असतात त्यांची एक खोड आहे. कोनात फिरताना एका बाजूने गती एकसारखी दिली तरी दुसऱ्या बाजूने ती एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. १० अंशांच्या कोनाला हा चढउतार दीड-दीड टक्का असतो, २० अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. म्हणजे कोन दुप्पट केला की त्रास चौपट.

दोन टोकांचे कोन सारखे असतील तर एका क्रॉसने घातलेला घोळ दुसरा क्रॉस निस्तरतो. ठोकळा चुकीचा बसला, पिनियनचं तोंड वर किंवा खाली झुकलं, की हा हिशोब मोडतो आणि उरलेला हिसका थेट पिनियनवर येतो. ताशी ६० किलोमीटरला, डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ धरलं, तर शाफ्ट मिनिटाला सुमारे १,८०० फेरे मारतो. म्हणजे मिनिटाला ३,६०० हिसके. आधी क्रॉस जातो, मग पिनियनचं सील गळतं, मग पिनियनची बेअरिंग ढिली होते आणि शेवटी दात खाल्ले जातात. बिल मात्र फक्त दातांचं फाटतं.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. भरलेल्या गाडीत पाटे दबतात आणि कोन बराच कमी होतो, रिकाम्या गाडीत तो सगळ्यात जास्त असतो. आणि रिकामी गाडीच जोरात पळवली जाते. मोंढ्यातून परतताना विशिष्ट वेगाला पायाखाली कंप जाणवतो आणि माल भरल्यावर तो नाहीसा होतो, ही कोनाची तक्रार आहे.

तपासणी अवघड नाही. गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी ठेवून मोबाइलमधल्या कोन मोजणाऱ्या अॅपने गिअरबॉक्सच्या मागचं तोंड, शाफ्ट आणि पिनियनचं तोंड यांचे उतार मोजावेत. एकदा रिकामी, एकदा भरलेली. एकाच शाफ्टच्या गाडीत पहिलं आणि तिसरं तोंड एकमेकांना समांतर हवं. एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये योग्य पाचर घालून तो काढावा लागतो. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगची उंचीही जुळवावी लागते.

ठोकळ्याचा वेगळा तोटा म्हणजे पहिल्या गिअरमध्ये जोर लावला की एक्सल पाट्यांना पिळतो आणि पिनियनचं तोंड उचललं जातं. ठोकळा जितका उंच, तितका हा पीळ जास्त. उभ्या गाडीत बरोबर मोजलेला कोन घाटात बरोबर राहत नाही तो यामुळे. पाटे किंवा ठोकळे घातल्यावर यू-बोल्ट काही दिवसांनी पुन्हा आवळले नाहीत तर सेंटर बोल्ट तुटून एक्सल जागचा सरकतो, आणि मग कुठलंच मोजमाप खरं राहत नाही.

गैरसमज : माल डुप्लिकेट निघाला.

वस्तुस्थिती : बनावट सुटे भाग बाजारात आहेत आणि एखादा सेट त्याने जाऊ शकतो. पण वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले दोन-तीन सेट एकाच पद्धतीने जात असतील, तर संशय दुकानदारावरून गाडीवर यायला हवा. त्याचा पुरावा जुन्या तुकड्यांत असतो, म्हणून ते भंगारात देण्याआधी डिझेलने धुऊन उजेडात पाहावेत.

तुटलेला दात सगळीकडे सारखा खरखरीत, दाणेदार दिसत असेल तर तो एका धक्क्यात तुटला: क्लच झटक्याने सोडला, किंवा घसरणारं चाक अचानक पकडलं गेलं. तुटलेल्या भागावर एका कडेपासून सुरू होणाऱ्या गुळगुळीत, वळणदार रेघा असतील तर तडा आधीच पडला होता आणि रोज थोडा थोडा वाढत होता. हे जादा भाराचं किंवा चुकीच्या बसवणीचं काम. दात तुटले नाहीत पण ओरबाडले गेलेत, निळसर पडलेत, तर तेल कमी होतं किंवा चुकीचं होतं. आणि सगळ्या दातांची एकाच टोकाची बाजू खचली असेल तर हौसिंग, बेअरिंग किंवा शिम तपासायला घ्या.

गैरसमज : आवाज आला की दाट तेल टाकावं.

वस्तुस्थिती : दाट तेलाने आवाज काही दिवस दबतो, झीज थांबत नाही. या गाड्यांमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. ही हायपॉइड रचना पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९२० च्या दशकात मोटारीत आणली. तिच्यात दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीने घासतातही. म्हणून तिला जीएल-५ दर्जाचं, दाब सोसणारं तेल लागतं. डब्यावर ८०डब्ल्यू-९० लिहिलंय एवढं पाहून भागत नाही, दर्जाही वाचावा लागतो.

तेलाइतकाच महत्त्वाचा, आणि कोणी न पाहणारा भाग म्हणजे हौसिंगवरचा ब्रीदर. तो चिखलाने बुजला की गरम हवेचा दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. भर पावसाळ्यात तापलेलं हौसिंग नाल्याच्या पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधूनच पाणी ओढलं जातं. तेल दुधट चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदलायचं. आणि उंच गाडीत पिनियनचं तोंड फार वर वळवलं असेल तर तेल मागे ओघळतं, पुढची बेअरिंग कोरडी पडते. पातळी बरोबर असूनही.

गैरसमज : चिखलात अडकली की रेस दिली म्हणजे निघते.

वस्तुस्थिती : डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं, फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं ते वळणासाठीच. पण काळ्या मातीत एक चाक रुतून थांबलं आणि दुसरं घसरायला लागलं की घसरणारं चाक क्राऊनच्या दुप्पट गतीने फिरतं. काटा ४० वर असेल तर ते चाक ८० ने फिरत असतं. हा सगळा फरक आतले छोटे स्टार पिनियन एका बारीक पिनवर फिरून पेलतात. दोन-चार मिनिटांत पिन तापते, तेलाचा थर जातो आणि ती चिकटते. त्यातच चाकाला कोरडी जागा सापडली तर बसणारा धक्का दात उडवायला पुरेसा. फळ्या-दगड घालणं, माल उतरवणं, ट्रॅक्टर बोलावणं. यातलं काहीही नव्या सेटपेक्षा स्वस्त पडतं.

गैरसमज : पिनियन तुटला, तर पिनियनच बदलावा.

वस्तुस्थिती : क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात, म्हणून दोघांवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. जोडी फोडली की आवाज ठरलेला. बसवताना पिनियनची खोली शिमने, बेअरिंगचा ताण मोजून आणि दातांची चाळ डायल गेजने जुळवायची, मग दातांना रंग लावून फिरवून स्पर्श मधोमध उमटतो का ते पाहायचं. हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणं हे मोजमाप नव्हे. नवी जोडी बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर भार हलका ठेवून, मधे थंड होऊ देत चालवावी आणि त्यानंतर तेल बदलावं.

आवाज काय सांगतो

हौसिंग खोलण्याआधी गाडी रिकाम्या रस्त्यावर चालवून पाहा. रेस दिल्यावर वाढणारा आणि पाय काढल्यावर बदलणारा हूं-हूं आवाज दातांच्या स्पर्शाचा किंवा पिनियन बेअरिंगचा असतो. फक्त वळणावर येणारी खरखर स्टार पिनियनची किंवा चाकाच्या बेअरिंगची. गिअर टाकून क्लच सोडताना एकदाच ‘ठक्’ होत असेल तर आधी क्रॉस हलवून पाहा, मग चाळ मोजा. रेस असो-नसो, वेगाबरोबर एकसारखा वाढणारा गुरगुराट बहुधा बेअरिंगचा. पण खडबडीत नक्षीचे मोठे टायरही असाच आवाज करतात, हे विसरू नये.

म्हणून पुढच्या वेळी सेट आणायला निघण्यापूर्वी मिस्त्रीकडून या क्रमाने उत्तरं घ्यावीत: जुना दात कसा तुटला, तेल आणि ब्रीदर कसे होते, क्रॉसमध्ये चाळ किती, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत कोन किती, हौसिंग सरळ आहे का. यातल्या एकाचंही उत्तर ‘पाहिलं नाही’ असेल, तर पैसे आधी तिथे घालावेत. आणि सगळं ठीक असूनही सेट जात असेल, तर ठोकळे काढून, टायर मूळ मापाचे बसवून, माल पुस्तकात लिहिलाय तेवढाच भरून एक हंगाम गाडी चालवावी. एका फेरीऐवजी दोन फेऱ्या कराव्या लागतील. डिझेलचा हा जादा खर्च आणि दरवर्षी क्राऊनला लागणारा खर्च, शिवाय ऐन हंगामात गाडी उभी राहून बुडालेलं भाडं, हे आकडे शेजारी शेजारी मांडले की काय परवडतं ते मालकाला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही.