पुरात बुडालेली पिकअप स्वस्तात मिळतेय, घ्यावी का?



मागच्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारलं, "सर, एक पिकअप मिळतेय. तशीच गाडी बाजारात साडेपाच लाखाला आहे, ही साडेतीनला देतायत. पुरात बुडाली होती, पण आता चालू आहे म्हणे. घेऊ का?" ताईंचा मसाल्याचा धंदा आहे आणि त्या पैशासाठी दागिने गहाण ठेवणार होत्या. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत पंचगंगा आणि कृष्णेला पूर आला. 2021 च्या जुलैत चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेलं. अशा पुरानंतर बुडालेल्या गाड्या विक्रीला निघतात आणि त्या त्याच गावात विकल्या जातील असं नाही. मी स्वतः 2019 नंतर असा एक छोटा टेम्पो घेतला होता. इंजिन झकास होतं. पण ऐन दिवाळीत तो तीन वेळा रस्त्यात बंद पडला. प्रत्येक वेळी कारण एकच, वायरिंग. दुरुस्तीचे पैसे गेले ते गेलेच, वर दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली.

पाणी कुठपर्यंत आलं होतं?

हा पहिला प्रश्न. चाकांपर्यंतच आलं असेल तर बेअरिंग, ब्रेक, डिफरन्शियलचं ऑईल बघायचं. हे काम आटोक्यातलं आहे. सीटपर्यंत आलं असेल तर सेल्फ, अल्टरनेटर, खालची वायरिंग धोक्यात. काही छोट्या टेम्पोंचं तर इंजिनच सीटखाली असतं. डॅशबोर्डपर्यंत आलं असेल तर मीटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू सगळंच आलं. अशी गाडी सोडून द्या. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत सेन्सर जास्त, त्यामुळे तिथे अजून सावध राहा.

दुसरा प्रश्न: गाडी पाण्यात असताना कुणी सेल्फ मारला होता का? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. कधी कधी गाडी तशीही चालते आणि नंतर दगा देते.

विकणारा सांगेल ते ऐका, पण हे स्वतः बघा

- सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते.
- सीटखालच्या पट्ट्या, नट-बोल्ट गंजलेत का?
- वायरिंगचे दोन-चार कनेक्टर उघडायला लावा. आत हिरवट-पांढरं काही साचलं असेल तर समजून जा.
- इंजिन आणि गिअरचं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतंय का? अगदी नवंकोरं दिसलं तर कधी आणि का बदललं, ते विचारा.

मेकॅनिक न्याच, पण सोबत ऑटो इलेक्ट्रिशियनही न्या. मी तेव्हा फक्त मेकॅनिक नेला होता.

कागद

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर विमा कंपनी 'टोटल लॉस' धरते. अशी गाडी भंगाराच्या भावात विकली जाऊन, थोडी दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येऊ शकते. म्हणून क्लेम झाला होता का, ते विमा कंपनीचा कागद बघून ठरवा. चेसिस नंबर आरसीशी जुळवा. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, ट्रान्सफरसाठी फॉर्म 29 आणि 30, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी. फिटनेस आणि टॅक्स कधीपर्यंत आहे ते बघा. आणि व्यवहाराआधीच विमा कंपनीला विचारा, या गाडीला फुल विमा देणार का? नुसता थर्ड पार्टी असेल तर तुमच्या गाडीचं नुकसान तुमच्याच खिशातून भरावं लागेल.

आता हिशोब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

- गाडी: 3,50,000
- वायरिंग, सेल्फ, अल्टरनेटर: 70,000
- ब्रेक, बेअरिंग, ऑईल, सीट: 40,000
- ट्रान्सफर, फिटनेस, विमा: 20,000
- गाडी गॅरेजमध्ये असताना 20 दिवस भाड्याचा टेम्पो, रोज 1,500: 30,000

एकूण 5,10,000. चांगल्या गाडीलाही कागदांचे 20,000 लागतीलच, म्हणजे ती पडेल 5,70,000 ला. दोन लाख वाचतील असं वाटत होतं, वाचले साठ हजार. त्यात एकदा ईसीयू गेला की उरलेली बचतही जाऊ शकते. विकायला काढाल तेव्हा पुढचा माणूसही भाव पाडून मागणार.

मग कुणी घ्यावी?

ज्याचं स्वतःचं गॅरेज आहे किंवा ज्याच्याकडे दोन-तीन गाड्या आहेत, त्याने घ्यावी. एक बंद पडली तरी दुसरी माल पोचवते. तेही पाणी चाकांच्या वर गेलं नसेल आणि कागद स्वच्छ असतील तरच. पण ज्याचा अख्खा धंदा एकाच गाडीवर आहे, त्याने पुरातली गाडी घेऊ नये. गाडी उभी राहिली तरी तुमचा हप्ता चालूच राहतो.

ताईंनी इलेक्ट्रिशियन नेला. बेल्टवर चिखलाची रेघ निघाली आणि विकणाऱ्याने क्लेमचा कागद दाखवलाच नाही. त्यांनी व्यवहार सोडला. सध्या आठवड्यातून दोन फेऱ्या भाड्याच्या टेम्पोने करतात. दागिने घरात आहेत.

तुमच्या समोर अशी गाडी असेल तर आधी वरचा हिशोब वहीत लिहा. टोकन त्यानंतर द्या. भेटूया पुढच्या व्हिडिओत.